वहिनीसाहेबांचं आरोग्यकार्य: शिबिराच्या पुढं काय?

कळंबा काठ

नेत्याच्या बायकोच्या समाजकार्याचा विषय निघाला की आपल्याकडं दोनच सूर लागतात. फ्लेक्सवर ती "गोरगरिबांची माउली" असते आणि कट्ट्यावर "नवऱ्याच्या जिवावर चाललंय सगळं" असते. मला यातलं एकही पटत नाही. निवडून न आलेली, पगार नसलेली, पण जिच्या फोनला तालुक्यातला कुठलाही अधिकारी "नाही" म्हणत नाही अशी बाई लहान मुलांसाठी नेमकं काय करू शकते, यावर इथं नीट बोलावं म्हणून हा धागा काढतोय.

सुरुवात लांबून करतो, कारण ते उदाहरण मला फार मोलाचं वाटतं.

अमेरिकेत आर्कान्सॉ नावाचं राज्य आहे. शेतीचं, त्यांच्यातल्या त्यांच्यात गरीब. १९७१ साली डेल बंपर्स तिथले गव्हर्नर झाले. गव्हर्नर म्हणजे तिकडं आपल्या मुख्यमंत्र्यासारखं निवडून यायचं पद. त्यांच्या पत्नी बेटी बंपर्स मूळच्या शिक्षिका, चित्रकला शिकवायच्या. मुलांच्या लसीकरणात त्यांचं राज्य देशात तळाला होतं. लस उपलब्ध होती, पण ती पोरापर्यंत पोचत नव्हती. बेटीबाईंनी हाच एक विषय धरला आणि शेवटपर्यंत सोडला नाही.

त्यांनी स्वतःची वेगळी संस्था काढून, स्वतःच्या नावाचे दवाखाने थाटून सुरुवात केली नाही. सरकारी आरोग्य खातं, परिचारिकांच्या संघटना, शेती विस्तार सेवेची माणसं, चर्चची मंडळी, अगदी नॅशनल गार्डचे, म्हणजे राज्याच्या राखीव सैन्याचे, जवानसुद्धा त्यांनी एका कामाला जुंपले. प्रत्येकाकडं काही ना काही होतं. कुणाकडं गाड्या, कुणाकडं सुया टोचणारे हात, कुणाकडं गावोगावच्या बायकांची ओळख. या सगळ्यांना एका टेबलावर बसवणं खात्याच्या साहेबाला जमत नव्हतं, गव्हर्नरच्या बायकोला जमलं. ती मोहीम पुढं इतर राज्यांसाठी नमुना ठरली.

१९७७ मध्ये जिमी कार्टर राष्ट्राध्यक्ष झाले. त्यांच्या पत्नी रोझलिन कार्टर या जॉर्जियाच्या, त्यांचेही पती १९७१ ते ७५ गव्हर्नर होते. बेटीबाईंनी कार्टर पतीपत्नीकडं हा विषय लावून धरला आणि त्याच वर्षी देशपातळीवरची बाललसीकरण मोहीम सुरू झाली, ९० टक्के मुलांचं उद्दिष्ट ठेवून. शाळेत नाव घालताना लस झालेली असली पाहिजे, असे कायदे त्या काळात राज्याराज्यांत होत गेले. १९८० पर्यंत पन्नासही राज्यांत ते झाले होते.

इथवर ऐकून वाटेल की झालं काम. पण शाळेचा कायदा मूल पाच वर्षांचं झाल्यावर लागतो. गोवर त्याच्या आधीच गाठतो. १९८९ ते ९१ मध्ये अमेरिकेत गोवराची मोठी साथ आली. ५५ हजारांवर रुग्ण, शंभराहून जास्त मृत्यू, आणि त्यात लस न मिळालेली शाळेच्या आधीच्या वयाची बाळं फार. तेव्हा कार्टर सत्तेवरून जाऊन दहा वर्षं झाली होती. तरी या दोघी पुन्हा एकत्र आल्या आणि १९९१ मध्ये 'एव्हरी चाइल्ड बाय टू' ही संस्था काढली. दोन वर्षांच्या आत प्रत्येक मूल, असा अर्थ. राज्याराज्यांत हिंडून गव्हर्नरांच्या बायकांना, आरोग्य खात्यांना भेटत राहिल्या. कुठल्या मुलाला कुठली लस झाली याची नोंद एका जागी असावी, हा त्यांचा मोठा आग्रह होता.

नोंदीच्या त्या आग्रहापाशी मी थांबलो. शिबिराचा फोटो निघतो, नोंदवहीचा निघत नाही. ज्या बाईला फोटोची सवय आहे तिनं नोंदवहीसाठी भांडावं, हे मला त्यांच्या सगळ्या कामात सगळ्यात मोठं वाटतं.

आता आपल्याकडचं. आमच्या तालुक्यातल्या एका नेत्याच्या घरच्या वहिनींनी महिला मंडळाला विचारलंय की यंदा वाढदिवसाच्या शिबिराऐवजी लहान मुलांसाठी काहीतरी टिकाऊ करायचंय, सुचवा. नाव घेत नाही, पक्षही सांगत नाही आणि प्रतिसादात कुणी तो ओढून आणू नये ही विनंती. ज्यांनी या क्षेत्रात काम केलंय त्यांनी मनापासून लिहा.

जुनी नर्सबाई

दादा, लिहिलंत ते बरं केलंत. माझी सगळी नोकरी उपकेंद्रांवर गेली, गगनबावड्याकडं आणि मग खाली उसाच्या पट्ट्यात. शिबिराबद्दल आधी बोलते.

शिबिरात बीपी बघतात, शुगर बघतात, चष्मे देतात. चांगलंच आहे. पण बाळाच्या लसीला एका दिवसाचं शिबिर पुरत नाही. जन्मल्यावर बीसीजी, पोलिओ, हिपॅटायटिस बी. मग दीड, अडीच आणि साडेतीन महिन्याला पेंटा, म्हणजे पाच रोगांवरची एकत्र लस. नवव्या महिन्याला गोवर-रुबेला, दीड वर्षाच्या सुमारास पुन्हा. त्याच आईला त्याच बाळाला घेऊन इतक्यांदा यावं लागतं. एकदा मंडप घालून ते होत नाही. कुठलं बाळ यायचं राहिलं हे ज्या बाईला पाठ असतं तीच ते करते, आणि ती बाई म्हणजे गावची आरोग्य कार्यकर्ती, आशा.

लस सांभाळायची म्हणजे २ ते ८ डिग्री. लोकांना वाटतं जितकी गार तितकी चांगली. तसं नाही. पेंटा गोठली की वाया गेली. म्हणून फ्रीजरमधनं काढलेले आइसपॅक तसेच लसीच्या डब्यात घालायचे नसतात. बाहेर ठेवायचे, कानाशी धरून हलवायचे, आत पाणी खळखळलं की मग चार बाजूंना चार लावायचे. सकाळी एसटी धरायची घाई असताना हे थांबणं जिवावर यायचं, पण थांबायचो. गोवराची बाटली एकदा कालवली की चार तासांत संपवायची, राहिली तर टाकायची. समोर एकच बाळ असलं तरी बाटली फोडायची, असं आम्हाला शिकवलेलं. वरनं विचारणा झाली की एवढ्या लसी वाया कशा, तेव्हा आमच्या पाठीशी उभं राहायला कुणीतरी लागतं. वहिनींनी तिथं उभं राहावं.

आणि खरी राहिलेली पोरं कुठं आहेत म्हणाल तर ऊसतोडीच्या टोळ्यांत. त्यावर सावकाश लिहिते.

राजारामपुरी आठवी गल्ली

मी थोडा विरोधात बोलणार, राग नसावा. जिला मत देऊन निवडलं नाही तिनं अधिकाऱ्याला फोन करायचा, आणि त्यानं ऐकायचं, ही पद्धतच मुळात चुकीची नाही का? उद्या तिनं चुकीचं सांगितलं तर जाब कुणाला विचारायचा? जिल्हा परिषदेत निम्म्या जागांवर बायका निवडून येतात आता. त्या सदस्यबाईंना बाजूला ठेवून वहिनीसाहेबांना पुढं करायचं हे मला खटकतं.

कळंबा काठ

राग कसला, हा प्रश्न यायलाच पाहिजे होता.

अमेरिकेतही तो आला. नातेवाइकांना सरकारी पदावर नेमायला बंदी घालणारा कायदा तिथं १९६७ पासून आहे. कार्टरनी मानसिक आरोग्यासाठी आयोग नेमला तेव्हा रोझलिनबाईंना अध्यक्ष करता आलं नाही, मानद अध्यक्ष केलं. तरीही १९७९ मध्ये त्यांनी सिनेटच्या समितीपुढं बसून त्या विषयावर साक्ष दिली, प्रश्नांना उत्तरं दिली. मला वाटतं तुमच्या आक्षेपाचं उत्तर इथंच आहे. काम करायचं तर उघड करावं, समितीपुढं करावं, तोंडी फोनऐवजी कागदावर करावं. आणि निवडून आलेल्या सदस्यबाईला खुर्ची देऊन शेजारी बसावं. पुढं बसू नये.

त्या मानसिक आरोग्याकडं कशा वळल्या तेही सांगतो. नवऱ्याच्या १९६६ च्या गव्हर्नरपदाच्या प्रचारात पहाटे साडेचारला अटलांटामधल्या एका सूतगिरणीच्या दारात त्या पत्रकं वाटत उभ्या होत्या. रात्रपाळी सुटली. एक वयस्कर बाई बाहेर आली, केसांत कापसाचे तंतू तसेच. आता घरी जाऊन झोपणार ना, असं रोझलिनबाईंनी विचारलं. ती म्हणाली, घरी मनोरुग्ण मुलगी आहे, नवऱ्याच्या पगारात भागत नाही म्हणून मी रात्री काम करते. त्याच दिवशी नवऱ्याची सभा त्याच भागात होती. रोझलिनबाई गर्दीबरोबर रांगेत उभ्या राहिल्या आणि नंबर आल्यावर त्यालाच विचारलं, निवडून आलात तर मनोरुग्णांसाठी काय करणार?

इचलकरंजीच्या सूतगिरणीच्या दारात कुणी पहाटे असं उभं राहिलं तर त्यालाही अशीच बाई भेटेल, याबद्दल मला शंका नाही.

सोनतळी

आपल्या कोल्हापुरातलीच माणसं विसरू नका. शाहू महाराजांच्या सूनबाई इंदुमतीदेवी. १९१७ ला लग्न, १९१८ ला त्यांचे पती युवराज शिवाजी शिकारीत दगावले. त्या वयात राजवाड्यातल्या विधवेनं कोपऱ्यात बसायचं असा तो काळ. महाराजांनी त्यांना सोनतळीला नेऊन शिकवलं, बरोबर शिकायला वेगवेगळ्या जातींच्या मुली ठेवल्या. सुनेनं डॉक्टर व्हावं अशी त्यांची इच्छा होती. ते झालं नाही, पण पुढं इंदुमतीदेवींनी कोल्हापुरात मुलींच्या शिक्षणाचं काम उभं केलं.

आणि कृष्णाबाई केळवकर. संस्थानानं त्यांना शिकायला परदेशी पाठवलं, परत येऊन त्यांनी इथल्या आल्बर्ट एडवर्ड दवाखान्यात बायका-मुलांवर उपचार केले. तोच आपला सीपीआर, जुनी माणसं अजून थोरला दवाखाना म्हणतात तो. आज त्याला राजघराण्यातल्या प्रमिलाराजेंचं नाव आहे. म्हणजे घरच्या बाईच्या नावानं दवाखाना ही कोल्हापूरची जुनीच रीत आहे, पण त्याच दवाखान्यात शिकलेली डॉक्टरीण आणून बसवणं हेही त्याच रीतीतलं. दोन्ही लागतं.

महाराजांनी १९१७ मध्ये सक्तीच्या मोफत शिक्षणाचा हुकूम काढला तेव्हा मूल शाळेत न पाठवणाऱ्या पालकाला महिन्याला एक रुपया दंड ठेवला होता. वरच्या लेखातल्या शाळाप्रवेशाच्या कायद्यावरून ते आठवलं.

बालरोगवाला

दंडाच्या मार्गानं लसीकरणात फार सांभाळून जावं. ज्या आईला दंडाची भीती वाटते ती दार लावून घेते. २०१८ च्या नोव्हेंबरात गोवर-रुबेलाची मोहीम शाळाशाळांतून निघाली, नऊ महिने ते पंधरा वर्षं वयोगटासाठी. तेव्हा व्हॉट्सअॅपवरच्या अफवांनी कितीतरी आईबाप घाबरले होते. मुख्याध्यापकांनी आणि गावातल्या मानाच्या बायकांनी आपली नातवंडं पहिल्यांदा उभी केली तिथं काम सोपं झालं. नेत्याच्या घरच्या बाईनं आपल्या नातवाला सरकारी केंद्रावर, रांगेत, सगळ्यांबरोबर लस द्यावी. या एका गोष्टीचा परिणाम मी डोळ्यांनी पाहिलाय.

गोवर फार वेगानं पसरतो. शंभरातल्या पंच्याण्णव मुलांना लस झालेली असेल तरच तो अडतो. २०२२ च्या शेवटी मुंबईत गोवंडीला, मालेगावला, भिवंडीला काय झालं ते सगळ्यांनी वाचलं. राहिलेली मुलं एकाच वस्तीत गोळा झालेली असली की जिल्ह्याची टक्केवारी कितीही चांगली असून उपयोग नसतो.

जुनी नर्सबाई

डॉक्टरसाहेब बरोबर बोलले, आणि तशी वस्ती म्हणजे साखर कारखान्याच्या अड्ड्यावरच्या खोपी, ऊसतोड मजुरांच्या झोपड्या.

दिवाळीच्या पुढं-मागं बीडकडनं, मराठवाड्यातनं टोळ्या येतात, पट्टा पडला, म्हणजे हंगाम संपला, की जातात. बाळ जन्मलं तिकडं, दीड महिन्याची लस झाली तिकडं, अडीच महिन्याला ते आमच्या फडात. कार्ड विचारलं की "गावाकडं ऱ्हायलं, बाई." तिकडच्या आशाच्या वहीत ते बाळ "बाहेरगावी", आमच्या आशाच्या वहीत ते नाहीच, कारण तिचा सर्व्हे दिवाळीआधीचा. असं ते दोन्ही वह्यांतनं गळतं.

सकाळी दहाला डबा घेऊन खोपीवर गेलं तर कोण सापडणार? माणसं पहाटे तीनलाच फडात गेलेली. खोपीत आठ-नऊ वर्षांची पोर, तिच्या काखेला बाळ. तिच्या भरवशावर सुई कशी टोचायची? म्हणून आम्ही संध्याकाळी जायला लागलो. एकदा खोपींत लाईट नव्हती, एका ट्रॅक्टरवाल्यानं हेडलाइट खोपीकडं वळवून धरला. आई तोडून आलेली, हाताला पाचटाचे चरे, मांडीवर बाळ. म्हणाली, "रात्री ताप भरला तर उद्याचा कोयता बुडंल." कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी, एक जण घरी राहिलं की दोघांची मजुरी जाते आणि मुकादमाची उचल, म्हणजे आधी घेतलेले पैसे, अंगावर राहते. त्या बाईला लसीचं महत्त्व कळत नव्हतं असं कुणी म्हणू नये. तिला मजुरीचा हिशेबही कळत होता. तापाचं औषध हातात दिलं, किती थेंब ते खूण करून दाखवलं, उद्या आशा बघून जाईल असं सांगितलं. मग तिनंच बाळाचा पाय सरळ धरला.

आता वहिनींचं काम. कारखान्यात त्यांच्या घरचा शब्द चालतो. त्या शब्दानं एवढं झालं पाहिजे: कुठली टोळी कुठल्या गावात उतरली याची यादी ती उतरल्याबरोबर प्राथमिक आरोग्य केंद्राला मिळावी. आम्हाला ती कधीच वेळेत मिळाली नाही.

उसाचं रान

मी शेतीखात्यात आहे. कारखान्याच्या, सरकारी नव्हे. नर्सबाई म्हणतात ती यादी आमच्याकडं असते. करार होतो तेव्हा मुकादमाचं नाव, गाव, कोयते किती, वाहन कुठलं, सगळं असतं. टोळी कुठं उतरली ते गटातल्या स्लिपबॉयला, म्हणजे तोडीची चिठ्ठी देणाऱ्याला, त्याच दिवशी कळतं, कारण तोड त्यालाच द्यायची असते. पण त्यात पोरांचा रकाना नाही. कुणी मागितलाच नाही.

रकाना वाढवायला पैसे लागत नाहीत. पाच वर्षांखालची मुलं किती, गरोदर बाई आहे का, एवढं स्लिपबॉय विचारू शकतो. मात्र वरनं लेखी सूचना पायजे, नायतर तो म्हणणार हे माझं काम न्हवं. चेअरमनसाहेबांच्या सहीनं गेलं तर प्रत्येक गट ऑफिस करंल. हंगाम सुरू व्हायच्या आधी, मोळी टाकायच्या आधी हे व्हायला पायजे. एकदा गव्हाण फिरली, म्हणजे गाळप सुरू झालं, की कुणाला कुणाचं ऐकायला वेळ नसतो.

शिरोळची लेक

माझं म्हणणं थोडं वेगळं. लस झाली आणि पाणी तसंच राहिलं तर पोरं आजारी पडायची थांबत नाहीत. २०१२ ला इचलकरंजीत काविळीची साथ आली ती पाण्यातनंच. आम्ही नदीच्या शेवटाला. वरचं सगळं पंचगंगेतनं आमच्याकडं येतं. २०१९ च्या आणि २०२१ च्या महापुरात पाणी उतरल्यावर मदतीचे ट्रक आले, बिस्किटं आली, साड्या आल्या. क्लोरीनच्या गोळ्या आणि ओआरएस मागावे लागले. पुढाऱ्यांच्या घरच्या बायका तेव्हा आल्या होत्या, चिखलातनं फिरल्या, खोटं कशाला बोलू. पण कारखान्यांच्या आणि शहरांच्या सांडपाण्याबद्दल त्यांनी घरात तोंड उघडावं अशी माझी अपेक्षा आहे. ते काम बाहेरच्या कुणालाही करता येत नाही.

अंगणवाडी दोन नंबर

शिरोळताईंना अनुमोदन.

मी सेविका. आमच्याकडं कुपोषण मेळघाटासारखं दिसत नाही, म्हणून ते नाहीच असं धरून चालतात. दंडाला पट्टी लावते मी. साडेअकरा सेंटिमीटरच्या खाली आलं तर ते बाळ तीव्र कुपोषित, साडेअकरा ते साडेबारा मध्यम. उसाच्या सुपीक पट्ट्यातही अशी बाळं निघतात, नर्सबाईंनी सांगितलेल्या खोपींत तर निघतातच. आमच्या गावात एका सदस्यबाईंनी अंगणवाडीला चांगला वजनकाटा मिळवून दिला. त्याआधीच्या काट्यावर एकच बाळ दोनदा ठेवलं तर दोन वजनं यायची. कुणी फोटो काढला नाही, पण माझ्या दृष्टीनं ते मोठं काम.

आणि गोकुळच्या दूध संस्थेत सकाळ-संध्याकाळ गावातली प्रत्येक घरची बाई नायतर सासरा येतोच. लसीकरणाची तारीख तिथल्या फळ्यावर लिहिली तर ती मंदिराच्या स्पीकरपेक्षा जास्त पोचते.

राजारामपुरी आठवी गल्ली

एवढं वाचून माझा विरोध बराच मवाळ झाला. पण एक शंका राहतेच. नवऱ्याची सत्ता गेल्यावर काय? १९८० मध्ये कार्टर हरले. मग त्या आयोगाचं काय झालं?

कळंबा काठ

आयोगाच्या कामातून १९८० मध्ये मानसिक आरोग्याचा कायदा झाला आणि पुढच्याच वर्षी नव्या सरकारनं त्यातला बहुतेक भाग रद्द केला. रोझलिनबाईंना ते फार लागलं. पण त्या २०२३ मध्ये गेल्या तोवर, म्हणजे त्यानंतर चाळीस वर्षं, तोच विषय घेऊन काम करत राहिल्या. शाळाप्रवेशाचे कायदे मात्र टिकले, कारण ते राज्याराज्यांत, खालच्या पातळीवर रुजले होते. त्यामुळं मला वहिनींना सांगायचंय की जे कराल ते कारखान्याच्या करारनाम्यात, आरोग्य केंद्राच्या आराखड्यात घाला. उद्या कारखान्याच्या निवडणुकीत पॅनेल पडलं तरी रकाना राहील.

उसाचं रान दादा, त्या करारपत्राचा कोरा नमुना मिळेल का? नवा रकाना कुठं बसतो ते बघून मसुदा इथंच टाकतो. शिरोळताई, पाण्याचा मुद्दा त्याच पत्रात दुसरा विषय म्हणून घालतो, गाळून टाकणार नाही.

उसाचं रान

देतो. नावं खोडून.

बालरोगवाला

मसुद्यात हेही घाला: कार्ड नसलं म्हणून बाळाला परत पाठवायचं नाही. डाव्या दंडावर बीसीजीचा व्रण बघायचा, आईला विचारायचं आणि वयाप्रमाणं सुरू करायचं. मधला डोस चुकला तरी पहिल्यापासून करावं लागत नाही, पुढचा द्यायचा. पेंटाचा पहिला डोस वर्षाच्या आत देता येतो, गोवर-रुबेलाचा राहिलेला डोस पाच वर्षांपर्यंत देता येतो. नव्या आरोग्यसेविकांना हे माहीत असतं, तरी लिहिलेलं असावं.

जुनी नर्सबाई

आणि सत्राची वेळ संध्याकाळी सहानंतरची लिहा. तेवढ्या उशिरा डबा केंद्रावर परत न्यायला गाडी लागते. ती कारखान्याची असू दे. उरलेल्या लसी त्याच रात्री फ्रीजमध्ये गेल्या पाहिजेत, त्याला फार्मासिस्ट थांबवावा लागेल, त्याचंही पत्र आधीच काढून ठेवा.